कड खाल्लेला रुपया

ता. ६ जानेवारी १९५६, शुक्रवार
बाजार बरा. लवंग संपली, जायपत्री तशीच. नामदेवभाऊ सोनार तोळाभर वेलदोडे घ्यायला आले. तोळ्याचं माप म्हणून मी तराजूत ह्यांचा नेहमीचा चांदीचा रुपया टाकला, तर भाऊ उचलून पाहू लागले. "बाई, याची कड उंदरानं खाल्ली का मालकानं?" चारचौघांत हसले. मीही हसले. घरी आल्यावर तेच डोक्यात. माप हलकं म्हणजे गिऱ्हाइकाला माल कमी. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. विचारू कोणाला.

ता. ७
उन्हात धरून पाहिला. करंगळीच्या नखाएवढी कड नाही. ह्यांच्याजवळ कानस होती, अडकित्ता घासायची. नको ते मनात येतं. पेटीतला दुसरा, पुरा रुपया मापाला काढला.

ता. १०
पुड्यांच्या रद्दीतलं टाकसाळीवरचं एक पान मागे वाचून बाजूला ठेवलं होतं. आज शोधून काढलं. रुपयाची कोरी चकती आधी चांदीच्या पत्र्यातून कापतात, ठसा मागून मारतात. पत्रा सरकला तर चकतीच खंडित निघते.
म्हणजे चूक टाकसाळीची असेल, तर ठसा खंडित चकतीवर पडलेला. त्या जागी अक्षर पसरेल, काठाकडे ओढलं जाईल. मागून कानशीनं घासला असेल तर अक्षर मध्येच साफ कापलेलं दिसेल. मला इंग्रजी येत नाही, पण कापलेलं की ओढलेलं एवढं तर कळेल.
नुसत्या डोळ्यांनी कळलं नाही. भिंग नामदेवभाऊंकडे. जायला लाज वाटते.

ता. १२
गेले शेवटी. भिंगातून पाहिलं. राजाच्या डोक्यामागचं अक्षर कापलेलं नाही, पातळ होऊन काठापर्यंत ओढलेलं. भाऊ म्हणाले, "आता बरोबर समोरची कड पाहा." तिथं काठ उठलाच नव्हता, सगळं पुसट. "इकडं चांदी कमी पडली का तिकडं दाब बसत नाई. घासणारा इकडंच घासन, तिकडची कड काऊन बिघडन? हा जन्मताच असा हाये, बाई. मालकानं नाई कापला." मग खाली पाहून, "त्या दिवशी मी भलतंच बोललो."
छातीवरचा धोंडा उतरला. उठता उठता मीच म्हटलं, तोला.
तोळ्याच्या शहाण्णव गुंजांत पाच कमी.

ता. १३, शुक्रवार
कापला नाही. पण हलका होता, आणि वापरला. ह्यांना माहीत नसेल? पुडी हातात घेऊन वजन सांगणारा माणूस…
जंगलातून लाख विकायला येणारी सुकरी हळद घ्यायला बसली. सहज विचारलं, आमचे हे माप कसं देत? म्हणाली, "तोलून झालं का वरून चिमूट टाके. मी म्हणो, काऊन रे भाऊ? तं नुसता हासे."
मग माहीत होतं. माहीत होतं म्हणून भरून देत होते. जायपत्रीही खपली आज.

ता. २०, शुक्रवार
शिंप्याची आई जैनबबी आली. तिच्या पुडीत मी वरून चिमूट टाकली. "हे काय नवीन? तुया मालकानं मले तं कधी दाणा जास्त नाई देल्ला!" मी पुडीला दोरा गुंडाळू लागले. तीच पुढे, "पन भावात मले कधी हरवलं नाई त्यानं. मी म्हणल ते घे. मी बी कमीच म्हणो." हसत गेली. हिला भावात भरून देत होते? की सुकरीवर माया आणि हिला पाच गुंजा कमी? आणि बाकीच्या गिऱ्हाइकांचं काय?

ता. २२
नामदेवभाऊ घरी आले. "द्या, चांदी घालून कड भरून देतो. पुरा तोळा होईन, पैसे नको." मनापासून म्हणाले. पण भरला की ओढलेलं अक्षर झाकलं जाईल. मग पाहणारा म्हणेल, कापला होता म्हणून भरला. भरला नाही तर माप म्हणून तराजूत कधीच टाकता यायचा नाही. ह्यांच्या हातातली वस्तू. सांगते म्हटलं.
आधी जैनबबीकडे जायला हवं. किती भाव धरत होते, नीट विचारायला. म्हातारीच्या लक्षात सगळं असतं, आणि ती खरं सांगेल. म्हणूनच आज दोनदा चपला घातल्या आणि काढल्या.