कंदील विझला नाही

३ मार्च
लातूर जिल्हा झाल्याचा ह्यांचा आनंद अजून ओसरत नाही. विहिरीवर मोटार बसवायला वीज मागायची तर अर्ज आता लातूरला, उस्मानाबादची खेप वाचली. बरं झालं. पण दुष्काळ काही जिल्हा विचारून येत नाही. विहीर इतकी आटली की वरून डिझेलचं इंजिन पाणी ओढेना. आज गावातल्या गड्यांनी दोर लावून इंजिन विहिरीतल्या कपारीवर उतरवलं. पाणी आलं! मोसंबी वाचली म्हणून मी गूळ वाटला.

७ मार्च

इंजिन बंद करायला भावजी उतरणार होते. ह्यांनी रीतीप्रमाणे आधी कंदील खाली सोडला. हवा कोंदलेली असली की कंदील विझतो, मग कुणी उतरत नाही. कंदील छान जळत होता. "उतर रे, हवा चांगली हाय."
भावजींनी इंजिन बंद केलं आणि तिथंच बसले. हाकेला ओ नाही. कमरेला दोर होता म्हणून वर ओढता आलं. ओकले. डोकं फुटतंय म्हणत होते. आता झोपलेत. श्वास चालतोय का, सारखी जाऊन बघतेय.

८ मार्च
एका दुखण्याला तीन नावं. सासूबाई म्हणतात, "पाण्यातल्या देवींनी, आसरांनी धरलं." हे म्हणतात ऊन लागलं. चाकूरचे डॉक्टर म्हणाले, "गॅस. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू. ह्याने कंदील विझत नाही बाई, माणूस विझतो."
दवाखान्याबाहेर आल्यावर हे: "धूर तर आपन रोज यस्टीमागं खातोच की!"
डोकं आहे की मडकं! उद्या इंजिन चालू करायला स्वतः उतरणार म्हणे, नाकाला ओला पंचा बांधून.

९ मार्च
रात्रभर भांडले. उपयोग शून्य. गॅस दिसत नाही, मग ह्यांच्या लेखी नाहीच.
सकाळी सासूबाईंकडे गेले. विभूती लावून बसल्या होत्या. एवढंच विचारलं, "आत्याबाई, आसरांच्या घरात धूर कोंडलेला चालतो का?"  मग काठी घेऊन निघाल्या त्या थेट विहिरीवर, काठावर पाय सोडून बसल्या.
"आसरांच्या घरात भट्टी लावून राहिलास व्हय? आधी मला ढकल, मंग उतर."
"मोट हाणू का मंग? लोक हसतील आई."
"हसू दे. ऐकायला तू जित्ता राहशील."
दोर इंजिनाला बांधलेलेच होते, कुणाला उतरावं लागलं नाही. दुपारी इंजिन वर. ओढताना पाइप तुटला. तुटू दे. मी पदरात तोंड घालून रडले.

१५ मार्च
मोट सुरू. माळ्यावरचं मोटेचं जुनं कातडं तेल लावून मऊ केलं. निम्म्या झाडांनाच पाणी पुरतं, बाकीची पिवळी पडताहेत. जीव तुटतो. पण भावजींची डोकेदुखी थांबली. बैलांमागं गाणी म्हणतात, बेसूर.
सासूबाईंनी विचारलं, "ग्यास म्हंजे आसरांचंच नाव का गं?"
"असंल, आत्याबाई. दोघांच्याही वाटेला जायचं न्हाई."

२१ मार्च
हे लातूरहून आले. अर्ज घेतला. विजेची मोटार, म्हणजे धूर नाही. खांब कधी येणार ते साहेब बोलला नाही. ह्यांना मात्र खांब आत्ताच दिसून राहिलेत.
संध्याकाळी शेजारच्या शेतातले पाटील आले. त्यांचीही विहीर आटली. इंजिन खाली उतरवायचंय, आमचे दोर हवेत. मी स्वयंपाकघरात थबकले. ह्यांनी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही.
"दोर हायेत," हे म्हणाले. "पर आधी आईला भेटा."
पाटील अजून सासूबाईंसमोर बसलेत. चहा निवला. दुसरा ठेवते.