जोडीचा माणूस

प्रिय कारभारीण,

आपल्या सावल्यांच्या खेळाच्या मंडळीच्या बैठकीत तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "माझं काम मी याला शिकवते," त्याच घटकेला माझं सगळं बदललं. तुला आठवतही नसेल. तुझ्या हातात अर्धं बिस्किट होतं, आणि पंखा बंद म्हणून मास्तर अनुदानाच्या अर्जानेच वारा घेत होते. त्या दिवशी घरी जाताना मी सायकलवर बसलोच नाही, हातात धरून चालत गेलो. लवकर पोचायचं नव्हतं.

तुझा निरोप मिळाला. मला नाही, मास्तरांना. माझ्यावाचून तिथलं चालतंय का, खरं सांगा, अडत असेल तर मी परत येते, असं लिहिलंस. मास्तरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, तिचं काम तू करतोस, मग उत्तरही तूच दे. मोठी माणसं अशी सोयीने शहाणी होतात. तेव्हापासून कागद पुढे घेऊन बसतोय. देतो उत्तर, पण आधी इथलं ऐक.

बर्फाच्या बंद कारखान्यातली आपली शेड आता गळत नाही. पत्रे नवे आहेत. पहिल्या पगाराला शिंपीणकाकू सही करताना रडल्या आणि वर मलाच ओरडल्या, बघतोस काय, पेन उठत नाहीये म्हणून. शाळा आता वर्षाचे खेळ आधीच ठरवून टाकतात, हे तुझंच डोकं. सकाळी शेड नाचाच्या वर्गाला भाड्याने जाते. ती मुलं गेली की मी एकटा असतो. खिळ्यांवर टांगलेल्या बाहुल्या मग बराच वेळ हलत राहतात, तेवढीच सोबत. तुझ्या खुर्चीवर बसतो, पण पाठ टेकवत नाही. का ते विचारू नकोस.

अनुदान देणाऱ्या संस्थेच्या त्या तपासनीस बाईंची अट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. खेळ बसवायला पैसे देणारे पुष्कळ भेटले, मंडळी टिकावी म्हणून देणारी ही पहिलीच संस्था, असं तू नाचत सांगत आली होतीस. आणि बाई म्हणे, प्रत्येक कामाला जोडीचा माणूस तयार करा. एखादा आजारी पडला, रुसला, सोडून गेला, तरी खेळ थांबता कामा नये. 'रुसला' म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उखडलो. माणसं म्हणजे काय दिव्याचे बल्ब आहेत, एक गेला की दुसरा लावायला? बाई शांतपणे म्हणाल्या, बल्ब तरी तुमच्याकडे जादा आहेत. तू इतकी हसलीस की मला रागावणंही जमेना.

मग तू काम शिकवायचीस त्या संध्याकाळी. शाळांना पत्रं कशी लिहायची, अहवालात रडगाणं कसं टाळायचं, फोनवर नाही कसं म्हणायचं. कॉलेज अर्ध्यात सोडताना ज्याने वह्या रद्दीत घातल्या, तो मी तुझा शब्द न् शब्द पाठ करत होतो. तू समजावत असायचीस आणि मी तुझ्या कानामागच्या पेन्सिलीकडे बघत असायचो. चहा आला की तू माझ्याच कपातला अर्धा ओतून घ्यायचीस. तुला घाई होती, हे मला दिसत होतं. ती कसली, हे विचारायचं सुचलं नाही. मला वाटलं, तुला माझ्याजवळ बसायला आवडतं. मग दुसऱ्या शहरातल्या त्या मोठ्या नाट्यगृहाने तुला बोलावल्याचं तू सगळ्यांना एकदम सांगितलंस. मी त्या 'सगळ्यां'त होतो, एवढंच लागलं. बाकी काही नाही.

घरी दादाचं चालूच आहे. सावल्यांच्या मागे लागून पदवी घालवलीस, म्हणतो. आईने परवा भाजी निवडताना फक्त विचारलं, ती पोरगी आता येत नाही का रे. मी म्हटलं, कामात असते.

आज बाई पाहणीला आल्या. दुपारचा खेळ होता, शेड भरलेली. पडदा लावून झाला आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आज हे बाहेर बसतील. दिव्याच्या माझ्या कामाला जोडी म्हणजे काकू. त्या दिव्यामागे गेल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आपला खेळ समोरून पाहिला. पक्षिणीची सावली वाढत वाढत अख्खा पडदा भरून टाकते ना, तिथे दिवा बाहुलीकडे सरकवायचा असतो. मी मनात घोकत होतो, चुकू देत, एकदाच चुकू देत. काकूंनी दिवा माझ्यापेक्षा सावकाश सरकवला. शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मला तुझ्याशी बोलायचं होतं गं तेव्हा, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

पुढच्या वर्षांचं अनुदान मिळणार, बाईंनी तोंडीच सांगितलं. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. काकूंनी माझ्या पाठीत धपाटा घातला, "तुझ्याशिवाय झालं की नाही? आता खुशाल रूस."

मंडळी पांगल्यावर मास्तर माझ्यापाशी थांबले. तिथली कायमची नोकरी घ्यायची की नाही, हे तू आमच्या उत्तरावर अडवून ठेवलंयस, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. म्हणजे मी 'अडतंय' एवढं लिहिलं तरी तू येशील. शब्दाची पक्की आहेस, पुढच्याच गाडीत बसशील. ते लिहिलंही होतं मी, छान लिहिलं होतं. मग फाडलं. काकूंचा दिवा डोळ्यांसमोरून जाईना. तर ऐक. इथे काहीही अडत नाही. तू शिकवलंस तसं सगळं तुझ्यावाचून चालतं. ती नोकरी घे. एकाचं अडतं, पण त्याला जोडीचा माणूस द्यायची अट कुठल्या अनुदानात नसते. दिवा घालवला. हे शेवटचं बाहेर पायरीवर उभा राहून, कागद भिंतीला टेकवून लिहितोय. आपलं दार जमिनीला घासतं, तू ते जरा उचलून ओढायचीस. मीही तसंच उचलून ओढलं. आवाज झाला नाही. लागलं.

तुझाच,
तुझ्या कामापुरता जोडीचा