निळ्या झाकणाची बरणी

ता. ९, शनिवार, दुपार

किडूबाईस, आईचा आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. दोन वर्षांत तू चार ओळी लिहिल्या नाहीस, म्हणजे तूही धडधाकटच असणार. तुझा बाप पेपर वाचतो आणि खोकतो. घरचं एवढंच. आता कामाचं.

मी झाडते त्या पंपघरामागे दगडी भिंत आहे ना, जिथे तू गुडघे फोडून घ्यायचीस, तिथे तुझी ती पाल परत दिसली. लगेच हसू नकोस. मी चौथी नापास असले तरी डोळे पास आहेत.

आधी रंगच बघितला. करडी, पिवळे ठिपके. मग तुझं आठवलं, "आई, रंगावर जाऊ नकोस, तो बदलतो. बोटं बघ." बघितली. घरातल्या पालीची बोटं पसरट, खाली गादी. हिची काडीसारखी, टोकाला नख, गादी नाहीच. घरातलीच्या डोळ्यातली बाहुली उजेडात उभी चीर होते. हिची भर दुपारी मोहरीएवढी गोल. आणि ही बया दिवसाढवळ्या हिंडते.

पोट बघायला तिला काचेच्या बरणीत घेतली आणि बरणी डोक्यावर धरली. पंपवाला म्हणाला, "मावशी, पालीचं पोट बघून भविष्य सांगता काय?"

म्हटलं, "तुझं सांगते. तेल सांडलंयस ते पुसलं नाहीस तर आज शिव्या खाशील."

मांडीखाली बारीक भोकं. या बाजूला चार, त्या बाजूला चार, मधे एकही नाही. तीनदा मोजली. तू वहीत नराची काढली होतीस तशीच. म्हणजे बया नाही, बाप्या.

बरणी तुझीच. निळ्या झाकणाची.

फुटली नव्हती ती. तू शहरात कॉलेजच्या साहेबांना दाखवायला नेणार होतीस ती औषधात टिकवलेली पाल मी मोरीत ओतली, बरणी घासली आणि तुला सांगितलं फुटली. तेव्हापासून तिच्यात धुण्याचा सोडा होता. वाटलं, दाखवायला काही नसलं तर जाणार नाहीस. तू रिकाम्या हातांनी गेलीस. अशी पाल कुठल्याच पुस्तकात नाही म्हणून साहेबांनी तुला थापाडी ठरवलं, हे मामाकडून कळलं. थापाडी मी होते.

माफीबिफी मला लिहिता येत नाही.

पाल परत त्याच फटीत सोडली. मारून पाठवता आली असती, पण माझ्या हातून एक वाया गेली तेवढी पुरे. दगडावर खडूची फुली केलीय. पाण्याच्या शिंतोड्यांनी पुसते. रोज नवी काढते. रविवारी सुट्टी असते, तरी जाते.

साहेबांना घेऊन ये. नाहीतर एकटी ये. सोडा आता डब्यात आहे. बरणी धुऊन खिडकीत ठेवलीय.

तुझ्याशी खोटं बोललेली,
आई