झाकलेलं ताट

देवास, १८ जुलै २०२४

ती. सौ. अक्कास, माधवचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तू मलाच प्रश्न विचारत बसतेस आणि स्वतःचं काही सांगत नाहीस. म्हणून म्हटलं, पत्रच घालावं. शिवाय आता वेळ आहे. वेळच वेळ आहे.

कारखान्यातून निवृत्त होऊन दीड महिना झाला. निरोपाला शाल, श्रीफळ आणि एक मोठं भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते बैठकीत लावलंय आणि मी त्याच्यासमोर बसतो. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की पाय अजून चपला शोधतात. शेजारचे शालिग्रामभिया फाटकातून हाक मारतात, चलो भिया, थोड़ी हवा खा आते हैं म्हणून. मी काहीतरी कारण सांगतो. ही शाळेत गेली की घर कसं मोठं होऊन बसतं.

पण आनंदाची बातमी अशी, की गणपती झाले की विनोदिनी नोकरी सोडणार आहे. अजून तीन वर्षं होती, पण म्हणते पुरे झालं. मी काही सुचवलं नाही हं, तिचं तीच म्हणाली. दोघं मिळून चहा घेऊ, नेमावरला जाऊन नर्मदेवर बसू. दर वर्षीसारखी तू महालक्ष्म्यांच्या पुरणाला येशीलच, तेव्हा सविस्तर बोलू.

दाजींना नमस्कार. धाकट्यावर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
माधव

---

धार, २५ जुलै २०२४

चि. माधव यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. पुडीचा कागद मधेच फाटलेला असायचा, म्हणून न लिहिलेलं वाचायची सवय लागली ती लागलीच.

माझं म्हणशील तर झकास आहे. मंगळवार-शुक्रवार आमचा बायकांचा फुगडीचा गट जमतो. माई सत्तरीची, मी एकाहत्तरची, आमची जोडी. तुझे दाजी म्हणतात, या वयात हाड मोडलंस तर पोळ्या मला लाटाव्या लागतील. मी म्हटलं, तुमच्या पोळ्या खाण्यापेक्षा हाड मोडलेलं परवडलं.

आता तुझं. गेल्या दिवाळीत विनोदिनी नववीच्या मुलींना बीजगणित कसं शिकवते ते सांगत होती. हातातली करंजी खायची विसरली, दाजींनी ती पळवली तरी तिला कळलं नाही. ती बाई पुरे झालं म्हणते? आणि तू हवा लिहिलीस, घड्याळ लिहिलंस, दुपारी जेवतोस काय ते नाही लिहिलंस.

तिलाही वेगळं पत्र टाकते आहे. प्रकृतीस जप.

तुझी,
अक्का

---

देवास, २ ऑगस्ट २०२४

ती. सौ. वन्संना विनोदिनीचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ लिहिते. यांनी मला नोकरी सोड असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

सकाळी वरण-भात, भाजी, पोळी, सगळं वाढून ताट झाकून मी शाळेत जाते. संध्याकाळी येते तर वरची थाळी हललेलीसुद्धा नसते. विचारलं की म्हणतात, एकट्याला घास उतरत नाही. रागावत नाहीत, तक्रार नाही. नुसते ओट्यावर फाटकाकडे बघत बसलेले. रोज ते गार ताट उचलताना वाटतं, घरातल्या माणसाला उपाशी ठेवून मी पगार आणते आहे.

इकडे मुली म्हणतात, मैडम, एक बार और समझा दो. दुसऱ्यांदा सांगितल्यावर एखादीचा चेहरा उजळतो. वन्सं, त्या चेहऱ्यासाठी मी अजून तीन वर्षं आनंदानं उभी राहिले असते. पण प्राचार्या मॅडमना तोंडी सांगून ठेवलं आहे. गणपती झाले की अर्ज देईन.

हे यांना कळवू नका. कितीतरी दिवसांनी जरा हसतात, ते या बातमीमुळेच. तुमचा हात पाठीवर आहे, तो तसाच असू द्या.

आपली,
विनोदिनी

---

धार, ९ ऑगस्ट २०२४

चि. माधवास आशीर्वाद.

यंदा मी तुमच्याकडे पुरणाला येणार नाही. रागावू नकोस. माईची लेक डहीला असते. तिथल्या गणपतीत आमच्या गटाला फुगडीला बोलावलंय आणि नेमका महालक्ष्म्यांचाच दिवस धरलाय. जन्मात पहिल्यांदा मला कुणी स्वयंपाकासाठी सोडून दुसऱ्या कशासाठी बोलावलं. तुला शाल मिळाली, मला मिळाली नाही, पण मीही निवृत्त व्हायचं म्हणते. तुमच्या पुरणातून.

विनोदिनी फोनवर म्हणाली, तिला त्या दिवशी रजा मिळणार नाही, शाळेत सहामाही परीक्षा आहे. तेव्हा पुरण तू करायचं. जन्मभर दुसऱ्यांनी केलेले सुटे भाग तपासलेस, आता एक वस्तू स्वतः करून बघ.

तुझी,
अक्का

---

देवास, २० ऑगस्ट २०२४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तू आधी थट्टा करते आहेस असं वाटलं. मग वाटलं, देवीचा नैवेद्य पुरुषानं रांधलेला चालतो का, हे तरी विचारावं. तरी रविवारी एक प्रयोग करून पाहिला. कुकरच्या शिट्ट्या मोजायला गेलो नाही आणि डाळीचा पार चिखल झाला. वरचं पाणी मोरीत ओतलं. गूळ घातल्यावर तर ते आणखीनच पातळ झालं. शालिग्रामभिया डोकावले, भांड्यात बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले की भिया, इससे तो दीवार पर पोस्टर चिपक जाएगा. ही इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

पुरणयंत्र मात्र माळ्यावरून काढलं. दांडा ढिला होता, जाळीत जुनं काय काय अडकलेलं. उघडून, घासून, आवळून ठेवलंय. आता लोण्यासारखं फिरतं. पण त्यात घालायला पुरण पाहिजे ना. अक्का, एक दिवस तरी ये.

तुझा,
माधव

---

धार, २७ ऑगस्ट २०२४

चि. माधवास आशीर्वाद.

कट मोरीत ओतलास? अरे, त्याची आमटी करायची असते! हे मी दाजींना सांगितलंच नाही, ते जेवण सोडतील.

पुरुषानं रांधावं का म्हणून विचारतोस. देवळातला नैवेद्य कोण रांधतं? तुझ्या लग्नातल्या पंगतीला आचारी कोण होता? मिशा होत्या त्याला. स्वच्छ आंघोळ कर, धूतवस्त्र नेस आणि चुलीपाशी चिडू नकोस. एवढं सोवळं देवीला पुरतं.

कुकरला हात लावू नको. पातेल्यात शिजव. डाळ दिसायला अख्खी आणि बोटात धरली की मोडणारी हवी. कट निथळून बाजूला ठेव. मग गूळ, आणि ढवळत राहा, हात थांबवू नको. उलथनं मधोमध उभं राहिलं आणि पडलं नाही की पुरण झालं. यंत्रात गरम असतानाच घाल, गार झालं की हटून बसतं. जायफळ विसरू नकोस.

मी येणार नाही. रोज थोडं थोडं करून बघ. खाणारे शालिग्राम आहेतच.

तुझी,
अक्का

---

देवास, १६ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

उलथनं उभं राहिलं. मी हात सोडून दोन पावलं मागे सरकलो, तरी उभंच.

सकाळी महालक्ष्म्यांना हळदकुंकू वाहून ही परीक्षेला गेली. संध्याकाळी घरी येऊन प्रसादाचंच जेवीन म्हणाली. पुरणाचे दिवे मी केले, एक जरा कलंडला, तो मागे ठेवला. दुपारी नैवेद्य झाला. शालिग्रामभिया आणि वहिनी जेवून गेले. हिचं ताट मी वाढून ठेवलं. ज्या पोळ्यांच्या कडा करपल्या नव्हत्या, त्या दोन निवडून तिच्यासाठी. वर थाळी झाकली आणि ओट्यावर जाऊन बसलो.

ती सहा वाजून गेल्यावर आली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जुळले नव्हते. डोकं धरून बसली. बरोबरच्या बायकांनी आग्रह करून समोसा खायला लावला, आता भूक नाही, ताट राहू दे, उद्या बघू, असं म्हणाली. काही वाईट बोलली नाही. मी आत गेलो आणि ते झाकलेलं ताट उचललं. गार लागलं. अक्का, मी तसाच उभा राहिलो. पहाटेपासूनची माझी सगळी धडपड त्या थाळीखाली होती आणि तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

बाहेर येऊन तिला विचारलं की रोज संध्याकाळी तुला असंच व्हायचं का. ती पदरानं चष्मा पुसत राहिली, पुसून झाला तरी पुसत राहिली. मग मी म्हटलं की तुला शाळा नको झाली असेल तर जरूर सोड, माझ्या ताटासाठी सोडू नकोस. माझं मी बघेन.

थोड्या वेळानं म्हणाली की पोळी गरम करून मिळेल का. तव्यावर टाकली, वर तूप सोडलं. दोन पोळ्या खाल्ल्या तिनं. कटाच्या आमटीला मीठ कमी आहे म्हणाली. खरंच कमी होतं.

शालिग्रामवहिनींना नवरात्रात पुरण करून हवंय. यंत्रासकट या, असं बोलावणं आहे. सकाळी भियांबरोबर फिरायलाही जातो, कारण पुरण खाऊन पोट सुटलंय. डहीची फुगडी कशी झाली ते कळव. तुझी सावली लांबूनही पुरते, तशी ती राहू दे.

तुझा,
माधव

---

देवास, २८ सप्टेंबर २०२४

ती. सौ. वन्संना विनोदिनीचा नमस्कार.

घाईत चार ओळी. प्राचार्या मॅडमना सांगून आले, मी कुठे जात नाही. पूर्ण तीन वर्षं. त्या म्हणाल्या, घरवाले मान गए? मी म्हटलं, त्यांना मनवावं लागलंच नाही.

हल्ली हे सांगतात, ताट वाढून जाऊ नकोस, मी गरम करून घेईन. मला वाटलं, दोन दिवसांचा उत्साह असेल. काल शाळेतून आले तेव्हा घराला कुलूप. हे भियांबरोबर बाजारात गेले होते. दारात फाटकाकडे बघणारं कुणी नाही म्हणून क्षणभर मलाच चुकल्यासारखं झालं. आत गेले. स्वयंपाकाच्या ओट्यावर ताट होतं. घासून, पुसून, पालथं घातलेलं.

मी ते तसंच राहू दिलं. बराच वेळ.

दिवाळीला दाजींना घेऊन नक्की या. करंज्यांचं सारण हे करणार आहेत.

तुमचीच,
विनोदिनी