दुहेरी टीप

मंगळवार, दिवेलागण



सकाळी माझ्या सीट-कव्हरच्या दुकानात शेलू गावच्या एका बाईंची गाडी आली होती. ड्रायव्हर सीटच्या पाठीचं कव्हर उसवलेलं. मी कव्हर उतरवलं, दबलेला फोम काढून नवा बसवला. बाहेरच्या कडेची शिलाई बारीक दोऱ्याची, कच्ची दिसली. मला वाटलं, कंपनीने हयगय केली. जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारली. दहिवलीत माझं नाव त्या टिपेवरच आहे ना.

संध्याकाळी शेजारचा मेकॅनिक सदू चहाला आला. त्याला हे कौतुकाने सांगितलं, तर तो कप खाली ठेवून म्हणाला, "अरं, ती शिलाय मुद्दाम कच्ची ठेवतात. गाडी ठोकली की सीटमधली एअरबॅग तिथनंच फाडून भायेर येते. आता ती कुठनं येनार रं?"

त्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी होती. मी वाचली नव्हती का? वाचली होती. सरळ दिसावी म्हणून नीट बसवून शिवलीसुद्धा.

बाई वडिलांना घेऊन पुण्याला निघाल्यात. म्हणजे आता घाटात असतील. चारदा फोन लावला, लागत नाही. ती पट्टी डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता, हे लिहितानाच, मेसेज आला. वडिलांनी लिहिलाय. "मुलगी गाडी चालवते आहे. काम झकास केलंत. ही शिलाई आता जन्मात उसवायची नाही."