सहा मिलिमीटरचं भोक

चिरंजीव डॉक्टर यांस,

आशीर्वाद. (पत्राच्या सुरुवातीला 'अनेक' लिहायची पद्धत आहे. सध्या एकच पाठवतो आहे, तो जपून वापर.)

तुझी प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. रविवारी मैदानावर तुझा चेहरा ज्या रंगाचा झाला होता तो पाहता रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत जा, असं मोठ्या बहिणीचा नवरा या नात्याने सांगतो. इकडचं क्षेम विचारशील तर क्षेम नाही. तुझी ताई चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. चहा हवा का, हे ती मला विचारत नाही, खिडकीला विचारते, आणि खिडकीने उत्तर दिलं नाही की एकटीचाच करून पिते. तू फोन उचलत नाहीस. दवाखान्यात केला तर तुझी रिसेप्शनवरची बाई 'डॉक्टर पेशंटमध्ये आहेत' म्हणते, तेही सकाळी आठ वाजता. (हल्ली दवाखाना किती वाजता उघडतोस? सहज विचारतो.) म्हणून हे पत्र अगदी शांत डोक्याने लिहितो आहे. हा तिसरा कागद आहे. पहिले दोन शांत डोक्यानेच फाडले.

तुझी तक्रार अशी की मी चारचौघांत तुझ्या जीपच्या नव्या रोल केजला भोक पाडून तुझी अब्रू घालवली. आता भोक पाडणं हेच माझं त्या सकाळचं काम होतं, हे तुला माहीत नव्हतं असं समजू का? तीस वर्षं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवलं म्हणून क्लबने मला गाड्या तपासायला उभं केलं आहे. चिखलातून आणि चढांवरून गाड्या पळवायची हौस आहे तुम्हा मंडळींना. ती गाडी उलटली तर छप्पर आतल्यांच्या डोक्यावर बसू नये म्हणून पाइपांचा तो सांगाडा असतो. त्याला मी सहा मिलिमीटरचं एक भोक पाडतो, आत मापणी घालून पाइपची जाडी बघतो, अडीच मिलिमीटर भरली की हिरवं स्टिकर लावतो. वरच्या रंगावरून जाडी कळत नाही, कळली असती तर मी घरी झोपलो असतो. तुझ्याआधी चौदा गाड्यांना भोकं पाडली. चौदा जणांपैकी एकानेही माझ्या बायकोकडे गाऱ्हाणं नेलं नाही. (त्यांची ती बहीण लागत नाही, हे मान्य.) आणि बोंब कोणी मारावी, तर ज्याचं अख्खं आयुष्य लोकांच्या तोंडात भोकं पाडण्यात गेलं त्याने! तुझे पेशंट तर वर आभार मानून जातात.

आता एकाऐवजी दोन भोकं कशी पडली ते ऐक, कारण मी ते मुद्दाम केलं अशी आवई तुझ्या मित्रमंडळाने उठवली आहे. मी ड्रिल मशीन पाइपला लावलं आणि नेहमीसारखा अंगाचा भार टाकला. चांगल्या पाइपला तेवढा लागतोच. बिट करकरतं, थोडा धूर येतो, चकचकीत बारीक किस पडतो, मग कुठे ते आत शिरतं. तुझ्या पाइपला बिट टेकलं आणि मी सरळ आत. पुढची बाजू गेली, मागची गेली, आणि बटण सोडायचं सुचेपर्यंत तुझ्या नव्या कोऱ्या सीटच्या कव्हरला तिसरं भोक पडून आतला स्पंज बिटला गुंडाळून बाहेर आला होता. माझं कपाळ तुझ्या केजवर आपटलं तेव्हा थांबलो. (टेंगूळ अजून आहे. त्याची चौकशी कोणी केलेली नाही.) लाउडस्पीकरवाल्याने नेमकं त्याच क्षणी 'डॉक्टरसाहेबांच्या गाडीचं जोरदार स्वागत करा' असं म्हणायला नको होतं, हे मी कबूल करतो, पण लाउडस्पीकर माझ्या ताब्यात नव्हता.

जाडी भरली एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. निम्म्याहूनही कमी. असला पाइप जिन्याच्या कठड्याला लावतात, आणि तुला केज करून देणारे गृहस्थ दुकानांचे जिने आणि गच्चीचे कठडेच बनवतात, हे मला नंतर कळलं. अरे, कठड्यावर माणूस हात ठेवतो. गाडी उलटली की केजवर दीड टन लोखंड येऊन बसतं. हे मी तुला घसा कोरडा करून सांगत होतो आणि तू मला सांगत होतास की तो पोपटी रंग भट्टीत भाजून चढवलेला आहे! मी किल्लीने एक सांधा खरवडला तर पोपटी रंगाखालून पुट्टी निघाली. सांध्यात नाणं जाईल एवढी फट, तिच्यावर वेल्डिंगचे चार टिपके, वर पुट्टी, मग घासून गुळगुळीत, आणि मग तुझा तो भाजलेला रंग. कीड न काढता वरून सिमेंट थापणाऱ्या दातवाल्याला तू काय म्हणतोस? आमच्या बैठकीच्या खोलीत, माझ्याच खुर्चीत बसून, तुझ्या गल्लीतल्या त्या दुसऱ्या दवाखान्याबद्दल तू जे बोलला होतास ते मी इथे लिहू शकत नाही. ते सगळे शब्द जसेच्या तसे त्या कठडेवाल्याला लाव. केजचे पाय गाडीच्या तळाच्या पातळ पत्र्यावर नुसते बोल्टने आवळले आहेत, खाली जाड पट्टीचा आधार नाही. गाडी पालथी झाली की ते पाय पत्रा फाडून खाली उतरणार आणि अख्खा केज तुमच्या मांडीवर. मागच्या बाजूला एक तिरका पाइप असतो, केज एका अंगाला झोपू नये म्हणून. तो कुठे आहे विचारलं तर तू म्हणालास, स्पीकर बसत नव्हते म्हणून काढला. स्पीकर! गाणी ऐकत उलटणार आहात का?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? केज नसलेली गाडी माणूस घाबरत चालवतो. असला शोभेचा केज बसवला की तेवढं घाबरणंही सुटतं. तू मागच्या महिन्यापर्यंत त्या नाल्याच्या चढाला गाडी घालत नव्हतास. या महिन्यात दोनदा घातलीस, आणि दोन्ही वेळा डाव्या सीटवर बसून रस्ता सांगायला तुझी एकोणीस वर्षांची मुलगी होती.

तिच्याबद्दलही मला बोलायचं आहे. तुझ्या लाडाने ती उद्धट झाली आहे. तू आरडाओरडा करत होतास तेव्हा ती हेल्मेट काखेत धरून शांत उभी होती. मग फोनच्या उजेडात तिने भोकातून आत पाहिलं, मापणी माझ्या हातातून घेऊन स्वतः जाडी मोजली, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, तुमच्या जीपचं भोक कुठे आहे हो?" रांग हसली. मी तिला सांगितलं की माझ्या जीपचा केज मी स्वतः, या दोन हातांनी, बावीस वर्षांपूर्वी केलेला आहे. पाइप तीन मिलिमीटरचा, सांधे सगळे माझे. त्याला भोक पाडायची गरज नाही. तर म्हणते, "मग त्याला दर वर्षी हिरवं स्टिकर कोण लावतं?" मी लावतो. दुसरं कोण लावणार? वडीलधाऱ्या माणसाला असले प्रश्न विचारतात का? तिला जरा वळण लाव.

बरं, एवढं होऊन तुझी ताई काय करते? थर्मास उचलते, खुर्चीची घडी घालते, माझ्याकडे न बघता तुझ्या गाडीत जाऊन बसते आणि घरी निघून जाते! त्याच पोपटी कठड्याखाली बसून! मी मागून माझ्या जीपने येत होतो आणि प्रत्येक वळणावर तुमच्या गाडीचं छप्पर बघत होतो. आयुष्यात एवढ्या सावकाश मी कधी गाडी चालवली नसेल. घरी पोचल्यावर मी तिला हे सांगायला गेलो तर ती खिडकीला म्हणाली, "काही लोकांना माणसांपेक्षा लोखंडाची काळजी जास्त."

तुला आपल्या क्लबातला पेट्रोल पंपवाला आठवतो ना? तू त्याच्या लग्नात माझ्याआधी जेवायला बसला होतास. त्याची गाडी काही वेगात नव्हती. चालत्या माणसाने गाठली असती एवढ्या बेताने बांधावरून उतरत होती, एका अंगाला कलली आणि आडवी झाली, बस. केज होता, नळाच्या पाइपचा. तो गवताच्या काडीसारखा मोडला आणि छप्पर खाली आलं. त्याला बाहेर काढणारा मी होतो. आज अकरा वर्षं झाली. मी भेटायला गेलो की तो मान वळवत नाही, त्याची बायको चाकांची खुर्ची माझ्याकडे वळवते. त्या सकाळी त्याच्या गाडीला स्टिकर देणाऱ्याने भोक पाडलं नव्हतं, कारण तोही कोणाचा तरी मेहुणा होता आणि उगाच वाईटपणा कोण घेणार? मी तेव्हापासून वाईटपणा घेतो. तू जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. तुझ्या मुलीने मान वळवून मला असले उद्धट प्रश्न विचारत राहिलं पाहिजे, एवढंच मला हवं आहे.

म्हणून आता मुद्द्याचं. मला कळलं आहे की येत्या रविवारी दुसऱ्या क्लबची स्पर्धा आहे, तिथे तपासणी म्हणजे हॉर्न वाजतो का एवढंच बघतात, आणि तू तुम्हा दोघांची नावं दिली आहेस. (कोणाकडून कळलं ते विचारू नकोस. खिडकीशी बोललेलं मलाही ऐकू येतं.) जाऊ नकोस. विनंती म्हण, धमकी म्हण, काय वाटेल ते म्हण. गेलास तर मी माझी जीप तुझ्या फाटकासमोर आडवी लावीन आणि चावी विहिरीत टाकीन. तुमच्याकडे विहीर नाही हे मला माहीत आहे. मी शोधीन.

लहानांना आशीर्वाद, तुझ्या बायकोला नमस्कार सांग. ती एकटीच त्या दिवशी माझ्या कपाळाकडे बघून 'अगंबाई' म्हणाली होती.

तुझा (अजून तरी)
भाऊजी

ता. क. सीटचं कव्हर मी शिवून देईन. पोपटी दोरा मिळतो का बघतो आहे.

ता. क. दुसरा. दवाखाना किती वाजता उघडतो हे मी सहज विचारलेलं नाही. खालची उजवी दाढ गेले नऊ दिवस ठणकते आहे. गाल सुजला आहे आणि हे सगळं पत्र मी एका हाताने गाल धरून लिहिलं आहे. त्यामुळे काही शब्द जास्त कडक पडले असतील तर ते दाढेचे समज. (पुट्टीबद्दलचे माझे.) त्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊन आलो. तो वरून सिमेंट भरून देतो म्हणाला. तुझे शब्द आठवले आणि खुर्चीतून उठून आलो. तू घेशील का बघायला? ताईला मी विचारायला सांगितलं असतं, पण ते खिडकीमार्फत सांगावं लागलं असतं.

ता. क. तिसरा, शुक्रवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितो आहे. माझ्या वर्कशॉपमधला वेल्डर पत्र घेऊन निघणार होता, त्याला बसवून ठेवलं आहे.

तुझ्या मुलीचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून आज सकाळी माझ्या जीपच्या केजला भोक पाडायला गेलो. जाडी मोजून, आकडा कागदावर लिहून, सोबत पाठवणार होतो. खालच्या बाजूला बिट टेकवलं आणि भार टाकला. करकर झाली नाही. धूर आला नाही. बिट आत गेलं आणि भोकातून तांबडं पाणी आलं, डॉक्टर. माझ्या चपलेवर पडलं आणि बराच वेळ येत राहिलं. केज केला तेव्हाच वर सामानाची जाळी बसवायला मी दोन भोकं पाडली होती, ती बुजवायची राहिली. बावीस वर्षं त्यातून पावसाचं पाणी आत उतरत होतं, आणि मी बाहेरून दर वर्षी काळा रंग देत होतो. मापणी घातली. पाऊण मिलिमीटर. तुझ्या कठड्याहून कमी.

तुझी ताई आवाज ऐकून बाहेर आली होती. तिने मापणी माझ्या हातातून घेतली, आकडा वाचला, आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली. दर वर्षीची हिरवी स्टिकरं एकावर एक चिकटली होती, ती मी नखाने खरवडून काढत बसलो.

तेव्हा रविवारी स्पर्धेला जायच्या ऐवजी तुझी गाडी माझ्या वर्कशॉपमध्ये आण. दोन्ही केज कापून काढायचे आहेत, आणि तिरका पाइप धरायला मला एक माणूस लागतो. दाढेचं नंतर बघू. छोटीला आणच, जाडी आता तीच मोजेल. आणि तिने विचारलं होतं ना, माझ्या जीपचं भोक कुठे आहे? तिला सांग, डाव्या बाजूला आहे. बावीस वर्षं तिची आत्या बसते, तिथे.