चिंचफाटा हॉल्टची फरशी

४ सप्टेंबर १९८३, रविवार. सकाळी ९.४०
रामाकोन्याच्या अलीकडे, छोट्या लाइनीवरचं बंद पडलेलं चिंचफाटा हॉल्ट शोधून काढलं. सायकलने, एकट्याने. खोलीला गंजकं कुलूप, दारावर वेल. फलाट ४१ मीटर २० सेंटिमीटर (दोनदा मोजला). कोपऱ्यात वाळल्या गवताचा ढीग. अर्थात ब्रिटिश फौजेच्या घोड्यांचा चारा.

११ सप्टेंबर
गवतात संत्र्याची वाळकी साल. गोऱ्या साहेबाचा नाश्ता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्याच नजरेला हे दिसतं. शेजारच्या बगिच्याचा भिवाजी म्हणाला, "दिवाळीनंतर या जी, मंग पाहा मजा." संशोधनाला सणवार नसतो, असं सुनावलं. तो हसून राहिला होता. अडाणी.

२५ सप्टेंबर
वाचनालयाचे अध्यक्ष भैय्याजींना हॉल्टवरचा निबंध दिला. कमेटीत एक जागा रिकामी आहे. मला दोनदा डावललं. का, तर मी मॅट्रिक नाही. आता म्हणाले, "स्टेशन दाखवा. पटलं तर जागा तुमची." पटणारच.

९ ऑक्टोबर
फरशी कोरायला दिली: "या स्थानकावर १९३९ नंतर गाडी थांबली नाही." साल अंदाजे आहे. पण कोरल्यावर अंदाजे वाटत नाही. बायको सुधा म्हणते, "सौंसरच्या स्टेशनमास्तरले तरी विचारा न." तिला पुराव्याची पद्धत समजावून सांगितली. ऐन मुद्द्याला ती उठून कुकर उतरवायला गेली.

६ नोव्हेंबर
दर रविवारी पाहणीचा संकल्प होता. झाली नाही. आधी गुडघा, मग सायकल, मग दिवाळी. बंद स्टेशन काही पळून जात नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार. रात्री
कमेटीला जीपने नेलं. सोबत फरशी आणि सुधा. जीपवाला सोडून गेला, चारला येणार होता.
हॉल्टवर पाय ठेवायला जागा नाही. संत्र्यांचे ढीग, टोपल्या. तेच गवत टोपल्यांत अंथरणं चालू. खोली उघडी, आत तिकिटं. भिवाजी म्हणाला, "बहाराचे तीन महिने थांबते न जी गाडी! म्हणून तं दिवाळीनंतर या म्हटलं होतं."
मी डगमगलो नाही. फरशी वाचायला घेतली. "गाडी थांबली" इथवर आलो आणि गाडी थांबली.
कमेटी तिकिटं काढून चढली. सुधाही. खिडकीतून म्हणाली, "बसा न आता, काहून उभे आहा?" तत्त्व म्हणून बसलो नाही. भैय्याजी म्हणाले, "घेऊ तुम्हाले कमेटीत. या स्टेशनासारखं, तीन महिने!" सगळा डबा हसला.
गाडी सात मिनिटं लेट होती. ते एकाच्याही लक्षात आलं नाही.
डब्याची पायरी उंच पडते म्हणून भिवाजीच्या माणसांनी फरशी खाली टाकली, तिच्यावर उभं राहून टोपल्या चढवल्या. चारपर्यंत जीपची वाट पाहिली. भिवाजीने संत्री दिली. सहा खाल्ली.
साली गवतात टाकल्या.